ज्ञानखंडाच्या पुढची वाट

शीख विचारातील अज्ञान आणि आत्मज्ञान यांचा मागोवा घ्यावयाचा असेल तर महाराष्ट्रातील माणसाने सरळ नांदेडची वाट धरावी, असे कोणीही सांगेल. आणि ते सांगणे सयुक्तिकही आहे. गुरू गोविंदसिंग बऱ्हाणपुरावरून वऱ्हाडमार्गे दक्षिणेत उतरले, १७०८ साली गोदावरीच्या तीरी त्यांनी देह ठेवला, आणि देहधारी गुरूंची परंपरा तेथेच समाप्त करून ग्रंथाला गुरुपद दिले. तरीही या प्रश्नासाठी मी वर्धा जिल्ह्याची निवड केली, त्यास कारण आहे. नांदेडला शीख परंपरा पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. वर्ध्याजवळच्या पवनारास मात्र एका मराठी मनाने ती परंपरा मुद्दाम पारखून घेतली आणि आपल्या जीवनक्रमाशी ताडून पाहिली. विनोबा भावे यांनी गुरू नानकांच्या ‘जपुजी’वर भाष्य केले, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९७३ साली गुरुबचनसिंग तालिब यांच्याकरवी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पंजाबातील विद्यापीठाला आपल्या आद्य गुरूच्या वाणीवरचे एका परप्रांतीयाचे विवेचन छापावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या भूमीत तो विचार मुरला ती भूमी पाहावी, एवढाच माझ्या प्रवासाचा हेतू होता.

वर्धा हा तसा इंग्रजी अमदानीत आकारास आलेला जिल्हा. १८६२ साली नागपुरापासून तो वेगळा काढण्यात आला, पुलगावाजवळच्या कवठ्यास आरंभी त्याचे ठाणे होते, आणि १८६६ साली पालकवाडी या लहानशा वस्तीच्या जागी आजच्या वर्धा शहराची आखणी झाली. मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. मार्गशीर्षातल्या सकाळी नागपूरच्या रस्त्याने निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना बोंडे फुटलेली शेते पसरली होती, मधूनमधून तुरीचे पट्टे पिवळ्या फुलोऱ्याने उठून दिसत होते, आणि वेचणीस निघालेल्या बाया कमरेला ओटे बांधून बांधाबांधाने चालल्या होत्या. काही मैल गेल्यावर रस्ता धाम नदीवर येतो. पलीकडे पवनार. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असा निर्वाळा दिला आहे. पण नदीकाठी उभे राहिल्यावर साम्राज्याची आठवण होण्याऐवजी खडकांमधून वाट काढणाऱ्या पाण्याकडेच लक्ष जाते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे एक विसर्जन याच पाण्यात झाले, आणि दर वर्षी फेब्रुवारीत त्या स्मरणार्थ येथे लोक जमतात.

विनोबा १९३८ च्या मार्चमध्ये येथे आले ते प्रकृती पार खालावलेली असताना. थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी त्यांनी विश्रांतीस जावे असा गांधीजींचा आग्रह होता. त्याऐवजी विनोबांनी जमनालाल बजाज यांचा पवनारच्या टेकाडावरील रिकामा बंगला पसंत केला. पूल ओलांडताना ‘मी सर्व टाकले’ अशा अर्थाचे संन्यासवचन त्यांनी तीन वेळा उच्चारले, डोक्यातील सर्व संस्थांचा आणि कार्यांचा भार उतरवून ठेवला, आणि दुसरे काही करण्याऐवजी शेत खणावयास आरंभ केला. प्रथम अगदी थोडा वेळ, मग अंगात बळ येत गेले तसतसा अधिक. प्रकृती सुधारली. त्या खोदकामात जमिनीतून जुन्या मूर्ती निघाल्या, आणि त्यांत भरत-रामभेटीचे एक शिल्प निघाले. ते आज आश्रमात प्रतिष्ठापित आहे.

मी त्या शिल्पापुढे बराच वेळ बसलो होतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने करताना विनोबांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती: चौदा वर्षे वनात राहून आलेला कोण आणि अयोध्येच्या वेशीवर राहून तप करणारा कोण, हे पाहणाऱ्यास ओळखता येऊ नये, असे ते चित्र असावे. सहा वर्षांनी जणू तेच चित्र दगडात कोरलेले त्यांच्या कुदळीखाली आले. योगायोगात मी फारसा अर्थ शोधीत नाही. परंतु वन आणि घर यांतील अंतर साधनेने मिटते हा जो त्या कल्पनेचा गाभा, तोच गुरू नानकांच्या शिकवणुकीचाही गाभा आहे. नानकांनी दूरदूर यात्रा केल्या, सिद्धांशी आणि योग्यांशी संवाद केले, आणि अखेरीस रावीच्या काठी कर्तारपूर येथे बायकामुलांसह राहून शेती केली. त्यांचा वडील पुत्र श्रीचंद विरक्त, तपस्वी. पण गुरुपद त्याला मिळाले नाही. शेतातून आणलेला, चिखल ठिबकणारा गवताचा भारा ज्याने निमूटपणे डोक्यावर घेतला असे जनमसाखी, म्हणजे नानकांची परंपरागत चरित्रकथा, सांगते, त्या लहिण्याला ते मिळाले, आणि तो गुरू अंगद झाला.

अज्ञान म्हणजे काय, या प्रश्नाची शीख उत्तरे समजण्यास ही कथा उपयोगी पडते. आपल्याकडे या प्रश्नावर सर्वांत सूक्ष्म खल ज्ञानदेवांनी केला. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, जे त्या ग्रंथात सर्वांत मोठे आहे, ते अज्ञानखंडनाला वाहिलेले आहे. ज्ञानदेव अज्ञानाला न्यायासनापुढे उभे करतात, त्याच्या अस्तित्वाचा एकेक दाखला मागतात, आणि कोठेच रुजुवात होत नाही असे दाखवून त्याचा दावा मुळातून फेटाळतात. शीख गुरू या दाव्यात शिरत नाहीत. अज्ञान सत् की असत् हा त्यांच्या दृष्टीने गौण प्रश्न होय. ते आहे म्हणून माणूस दुःखी आहे, एवढे त्यांना पुरते, आणि त्याला ते ‘हउमै’ असे नाव देतात. ‘मी’पणाचा हा भाव केवळ गर्व नव्हे. माणूस देतो तो ‘मी’पणात, घेतो तोही ‘मी’पणात, खरे बोलतो तेही त्यातच, आणि खोटे बोलतो तेही, इतका तो सर्वव्यापी असल्याचे नानकांनी ‘आसा दी वार’ या रचनेत बजावले आहे. गुरू अंगदांनी त्याला दीर्घ रोग म्हटले, आणि औषधही त्या रोगातच आहे असे लगेच पुढे जोडले. माणसाला ‘मी’ पुसून टाकता येत नाही. त्या ‘मी’ला ईश्वरी हुकमाच्या, म्हणजे सृष्टीच्या अंगभूत आज्ञेच्या, चाकरीत लावता येते.

म्हणूनच त्या परंपरेत माणसांची विभागणी ज्ञानी आणि अडाणी अशी नाही, तर ‘गुरमुख’ आणि ‘मनमुख’ अशी आहे. स्वतःच्या मनाकडे तोंड करून बसलेला तो मनमुख, मग त्याने गाड्या भरभरून पोथ्या वाचलेल्या असोत. उलट, १६०४ साली गुरू अर्जनांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि शिंपी नामदेव यांना मानाने बसविले. आज १४३० पृष्ठांत छापल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि परंपरा ज्यांना बार्शीकडचे मानते त्या त्रिलोचनांची चार. अज्ञानाचा हा विचार मराठी माणसास परका वाटण्याचे म्हणूनच कारण नाही. त्याच्या पायाभरणीत आपले दगड आहेत.

घाटावर मला एक वृद्ध शीख गृहस्थ भेटले. निळी पगडी, पांढरी शुभ्र दाढी, खांद्यावरून तिरपा गेलेला कृपाणाचा पट्टा, आणि बोलणे मात्र अस्सल नांदेडकडचे. रणजितसिंहांच्या काळात पंजाबातून निजामाच्या मुलखात जी शीख फौज आली, तिच्याबरोबर त्यांचे पूर्वज आले आणि तेथेच रुजले. नागपुरास मुलीकडे निघाले होते. वाटेत विनोबांची जागा पाहावी म्हणून उतरले. खडकावर बसून त्यांचा पाठ संपेपर्यंत मी थांबलो, आणि मग विचारले, ‘‘बाबाजी, जपुजी कधीपासून पाठ आहे?’’

‘‘पाठ तर लहानपणापासूनच आहे, भाऊ,’’ ते हसून म्हणाले. ‘‘पण पाठ असून काय होतंय? शाळेत असताना मला लई घमेंड होती, माझ्याइतका बिनचूक कोणी म्हणत नाही म्हणून. वडिलांच्या ध्यानात आलं. त्यांनी मला गुरुद्वाऱ्यात जोडाघरात बसवलं.’’

जोडाघर म्हणजे भाविकांची पादत्राणे सांभाळण्याची जागा. तेथे येणाऱ्याचे जोडे हाती घ्यायचे, फडक्याने पुसायचे, बिल्ला द्यायचा, आणि परतताना ते जोडे ज्याचे त्याला नम्रपणे द्यायचे, ही सेवा लक्षाधीशही करतो आणि मजूरही.

‘‘मग कळलं?’’ मी विचारले.

‘‘लगेच कुठं कळतंय! पहिल्यांदा वाटलं, बघा, मी किती सेवा करायलोय. ती पण घमेंडच की. मग हळूहळू काम तेवढं राहिलं.’’ क्षणभर थांबून त्यांनी पुढे जोडले, ‘‘अजून पुरतं गेलं नाही, भाऊ. वाहेगुरूची नदर झाली तर जाईल.’’

औषधही रोगातच आहे या गुरू अंगदांच्या म्हणण्याचे याहून सुगम विवरण मी ऐकलेले नाही. सेवेचाही अभिमान होतो, तो अभिमान अंगावर घेऊनच सेवा करीत राहावे लागते, आणि तो गळून पडतो तो माणसाच्या हिशेबाने नव्हे, तर कृपेने. ‘नदर’ म्हणजे ही कृपादृष्टी.

जपुजीच्या अखेरच्या पौड्यांत, म्हणजे कडव्यांत, नानकांनी साधकाच्या वाटेवरील पाच मुक्काम वर्णिले आहेत. पहिले धरमखंड: ही पृथ्वी कर्तव्य करण्याची धर्मशाळा आहे, आणि येथे प्रत्येकाच्या कर्माचा विचार होतो. दुसरे ज्ञानखंड: तेथे ज्ञान प्रखरतेने तळपते, साधकाला दिसते की विश्वे अनंत आहेत, सूर्यचंद्र अनंत आहेत, कृष्ण आणि महेशही अनंत आहेत. आपल्या वेदान्ताभ्यासी मनाला वाटते की आता यात्रा संपली. परंतु नानक तेथे थांबत नाहीत. तिसरे सरमखंड, जेथे मन आणि बुद्धी नव्याने घडविली जाते. चौथे करमखंड, कृपेचे, जेथे शूर योद्धे वसतात. आणि पाचवे सचखंड, जेथे निराकाराचा वास. नांदेडच्या तख्ताला, म्हणजे तेथल्या मुख्य गुरुद्वाऱ्याला, सचखंड हे नाव आहे ते यावरून. ज्ञान हा पाचांतला दुसरा टप्पा आहे, ही गोष्ट जपुजी नुसता पाठ म्हणणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. शेवटच्या पौडीत तर नानकांनी सोनाराच्या शाळेचे रूपक योजून संयमाला भट्टी केले, धैर्याला सोनार केले, बुद्धीला ऐरण केले आणि ज्ञानाला हत्यार केले. हत्याराची किंमत त्याने घडलेल्या वस्तूवर ठरते.

हा क्रम ध्यानात ठेवून मी टेकाडावरच्या ब्रह्मविद्यामंदिरात गेलो. २५ मार्च १९५९ रोजी, स्वतः पदयात्रेत असताना, विनोबांनी भगिनींसाठी हा आश्रम स्थापन केला. ब्रह्मविद्येचा अधिकार स्त्रियांना सामूहिक साधनेने मिळावा, हा त्यामागचा हेतू. आणि येथील कारभार कोणा प्रमुखाच्या हुकमाने न चालता सर्वसंमतीने चालावा, हा त्याचा बंदोबस्त. सकाळी ईशोपनिषदाची प्रार्थना होते, संध्याकाळी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांची, आणि मधल्या वेळी विष्णुसहस्रनाम. पण एरवी पाहावे तो हातांना काम. ‘मैत्री’ हे मासिक भगिनींनी स्वतः अक्षरे जुळवून छापलेले आहे. मी गेलो तेव्हा ओसरीवर एक वयोवृद्ध भगिनी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचीत होत्या. ‘‘ताई, मी मदत करू का?’’ म्हटले, तर त्यांनी काही न बोलता दुसरे सूप पुढे सरकविले. अर्धा तास आम्ही दोघे खडे वेचीत होतो. जपुजीविषयी विचारले तेव्हा त्यांनी मान वर न करता, विनोबांना ‘बाबा’ म्हणत, सांगितले, ‘‘बाबा म्हणायचे, निर्भय आणि निर्वैर दोन्ही एकत्र पाहिजेत. ज्याला भीती आहे त्याचं वैर जात नाही.’’

जपुजीच्या आरंभीच्या मूलमंत्रात नानकांनी ईश्वराची म्हणून जी दोन लक्षणे सांगितली ती विनोबांनी माणसाच्या आचरणाची कसोटी केली, आणि पुढे निष्पक्षता ही तिसरी त्यांना जोडून आचार्यकुल या शिक्षकांच्या संघटनेपुढे ठेवली. ही निवड केवळ ग्रंथाभ्यासातून झाली असे मला वाटत नाही. गांधीहत्येनंतर १९४८ साली विनोबा दिल्लीकडे निर्वासितांच्या कामासाठी गेले, तेव्हा घरेदारे गमावलेले हजारो शीख आणि हिंदू त्यांना पाहावयास मिळाले, आणि मेवातात उखडलेले मुसलमानही. भय आणि वैर यांची सांगड तेथे छावण्या-छावण्यांत उघडी पडलेली होती. अशा माणसांपुढे अद्वैताचा युक्तिवाद काय कामाचा? निर्भय-निर्वैर ही जोडी मात्र कामाची होती.

एक भेद मात्र झाकून ठेवू नये. करमखंडातले शूर योद्धे पवनारच्या शांत वातावरणात बसून वाचले तर अंतःकरणातल्या लढाईचे वाटतात. घाटावरच्या बाबाजींच्या कृपाणाला तो अर्थ पुरेसा नव्हता. गुरू हरगोविंदांनी दोन तलवारी बांधल्या, गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली खालसा उभा केला, आणि दुबळ्याच्या रक्षणार्थ शस्त्र उचलणे हा शीख दृष्टीने ज्ञानाचाच परिपाक आहे. विनोबांची अहिंसा तेथवर जात नाही. दोन्ही परंपरांचा आदर असणाऱ्याने हे अंतर सर्वधर्मसमभावाच्या गोड शब्दांत बुडवू नये. दोघांचा शत्रू एकच, हउमै, आणि त्यावरील उपायांत सेवा समान, एवढे म्हणणे सत्याला धरून होईल.

सेवेच्या बाबतीत मात्र वर्धा जिल्ह्याने शीख विचाराला जो दाखला पुरविला आहे त्याला तोड नाही. सेवाग्रामास गेलो तेव्हा बापूकुटीत गांधीजींनी सांगितलेल्या सात सामाजिक पातकांचा फलक पाहिला. त्यांत चारित्र्याविना ज्ञान हे एक आहे. पण माझे पाय अधिक थबकले ते परचुरेशास्त्र्यांच्या कुटीपाशी. परचुरेशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. कुष्ठरोगाने समाजातून बाहेर पडले आणि १९३९ च्या सुमारास सेवाग्रामात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या व्रणांना मालिश केले. ज्या विद्वत्तेला लोकांनी दारात उभे केले नव्हते, तिचा देह त्या हातांनी स्वीकारला. त्याआधी १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम मांडले होते. कुष्ठरोग्यांची सेवा हेच ज्याने आयुष्य मानले असा हा सुशिक्षित तरुण. पंजाबात गुरू अर्जनांनी वसविलेल्या तरनतारनची कुष्ठरोग्यांच्या आश्रयाची जी परंपरा आहे, तिच्याशी दत्तपूरचे नाते कोणी जोडून दिलेले नाही. ते आपोआप जुळलेले आहे. याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षणपरिषद भरून, हाताच्या उद्योगातून ज्ञान देणारी नई तालीम जन्मास आली, हेही या संगतीत आठवते. कर्तारपूरच्या शेतात नानकांनी घालून दिलेले तीन नियम, कष्ट करून खाणे, नाम घेणे आणि वाटून खाणे, हे सेवाग्रामच्या दिनचर्येवर ठेवून पाहिले तर कोठे फारसा पदर सुटत नाही.

या प्रवासाने माझे मत असे झाले की आपण मराठी लोक ज्ञानखंडावर फार काळ मुक्काम ठोकून बसलो आहोत. संतांच्या ओव्यांवर आपण चर्चा करतो, पाठभेद पाहतो, सप्ताह करतो. सेवाग्राम-पवनारलाही आता बहुतेक लोक एखादे संग्रहालय पाहावे तसे जातात, कुटीसमोर छायाचित्र काढतात आणि दुपारच्या गाडीने परततात. जपुजी या मुक्कामाला दुसरा म्हणतो आणि पुढची वाट दाखवितो. ती वाट भट्टीजवळून, जोडाघरातून आणि रोग्याच्या बिछान्याजवळून जाते. ती वर्ध्याची वाट होती, एवढे तरी वर्ध्याला जाणाऱ्याने विसरू नये.

वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा लोहमार्ग घातला जात आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ साली सुरूही झाला. तो मार्ग पुरा होईल तेव्हा पवनार आणि सचखंड एका रेषेवर येतील. वाचकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. जपुजीच्या ३८ पौड्या वाचावयास एक घटका पुरेशी होते. त्या पहाटे वाचाव्यात, ज्ञानदेवांचे अज्ञानखंडन त्यांच्या शेजारी ठेवावे, आणि मग आपल्या गावात ज्या कामाला कोणी हात लावीत नाही असे एखादे काम निवडावे.